चाकं फिरतात, इंजिन दबत नाही: 45 एचपीला तीन फाळी नांगर घ्यावा का?

प्रश्न: नमस्कार. आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात. रान 11 एकर. त्यातलं 5 एकर खोल काळं, 3 एकर मध्यम आणि 3 एकर माळाकडचं, तिथं फूटभरावर मुरूम लागतो. काळ्यात ज्वारी-हरभरा, मध्यम रानात विहिरीवर थोडा ऊस, माळाला तूर आणि बाजरी. 45 एचपीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे, जुना घेतलेला. आजवर नांगरट भाड्यानं करून घेत होतो, यंदा स्वतःचा पलटी नांगर (जाताना-येताना माती एकाच बाजूला उलटणारा) घ्यायचा आहे. चुलते (आम्ही त्यांना तात्या म्हणतो) म्हणतात, घ्यायचाच तर तीन फाळी हायड्रॉलिक घे, गावात भाड्यानं मारू, नांगराचे हप्ते नांगरच फेडील. घरातले अण्णा म्हणतात, दोन फाळी बास. पाहुण्यांचा तीन फाळी आणून काळ्यात लावून बघितला. इंजिन दबलं नाही, धूरही फार नाही, पण मागची चाकं जागेवर फिरायची आणि बांधावर नांगर उचलला की ट्रॅक्टरचं तोंड वर यायचं. शेवटी चुलतभावाला पुढं बंपरवर बसवून एकरभर उरकलं. शोरूमवाले म्हणतात, ट्रॅक्टर बदला, 55 चा घ्या. घरात रोज यावरून वाद. काय करावं?

उत्तर: आधी बंपरचं. चुलतभावाला परत तिथं बसवू नका. ट्रॅक्टरचं तोंड खाली आपटलं किंवा बांधावर हिसका बसला, तर तो माणूस थेट पुढच्या चाकाखाली जातो आणि ड्रायव्हरला ब्रेक दाबायला वेळच मिळत नाही. पुढं वजन हवं असेल तर कंपनीची लोखंडी वजनं मिळतात, ती लावायची. आपल्या भागात हे दृश्य इतकं सर्रास दिसतं की कुणाला त्यात वावगं वाटत नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहिलं.

आता नांगराकडे वळू. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: इंजिन दबलं नाही, धूर नाही, चाकं जागेवर फिरली. म्हणजे ट्रॅक्टरची ताकद संपलेली नव्हती, त्याची पकड संपली होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोरूमवाल्यांनी त्या एकच धरल्या, आणि त्यांचा धंदा बघता ते साहजिकही आहे. आखाड्यातला तगडा गडी तेल सांडलेल्या फरशीवर उभा केला तर त्याच्या दंडातली ताकद काय कामाची? ट्रॅक्टरचं तसंच. बोनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. नांगर ओढतात ती चाकं, आणि चाकांना माती धरायला लागतं ते वजन.

थोडा हिशेब करू. भारी काळ्या रानात, जमीन फार वाळलेली नसताना, नांगराला दर चौरस सेंटीमीटर मातीमागे साधारण पाऊण किलोचा ओढ लागतो. एक फाळ 12 इंच रुंद, म्हणजे 30 सेंटीमीटर. खोली 9 इंच धरली तर 23 सेंटीमीटर. गुणाकार केला की एका फाळाला पाचशे किलोच्या थोडं वर ओढ येतो. दोन फाळांना 1,030 किलोच्या आसपास, तीन फाळांना 1,550. उन्हाळ्यात रान वाळून भेगाळलं की हाच आकडा आणखी चढतो.

आता तुमचा ट्रॅक्टर. 45 एचपीचा टू व्हील ड्राइव्ह साधारण 2,000 किलोचा असतो. त्यातलं साठ टक्क्यांच्या वर वजन मागच्या चाकांवर. नांगर जमिनीत घुसून ओढायला लागला की पुढचं काही वजन मागं सरकतं, नांगराचाही थोडा भार येतो. सगळं मिळून मागच्या चाकांवर 1,700 ते 1,800 किलो धरा. नांगरटीच्या रानात, चाकं मर्यादेत फिरत असताना, टायर या वजनाच्या निम्म्यापर्यंत ओढ देतो. म्हणजे 850 ते 900 किलो. तीन फाळी नांगर मागतोय 1,550. चाकं जागेवर फिरणार नाहीत तर काय होणार!

आणि गंमत बघा, याच कामाला एचपी किती लागते? ओढ किलोत, वेग ताशी किलोमीटरमध्ये, गुणाकाराला 270 नं भागायचं. 1,550 किलो, ताशी 4 किलोमीटर: आकडा येतो 23 एचपी. इंजिनाची 45 एचपी गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि टायर यांतून जाता जाता ओढीसाठी निम्म्याच्या थोडी वर उरते, म्हणजे 25 च्या आसपास. कागदावर इंजिन कसंबसं पुरतंय. म्हणून ते दबलं नाही. वजन मात्र पार अपुरं आहे. तात्यांना हा हिशेब वहीवर मांडून दाखवा. तात्या चुकीचे नाहीत, ते इंजिनाकडे बघून बोलतायत आणि इंजिन त्यांना साथ देतंय.

अण्णांनाही एक सांगायला हवं. दोन फाळीला 1,030 किलो ओढ लागतो आणि तुमचा ट्रॅक्टर आहे तसा 900 च्या पुढं जात नाही. म्हणजे काळ्यात 9 इंच खोलीवर दोन फाळीलाही चाकं थोडी सुटणारच. फक्त दोन फाळीची तूट भरून काढता येते, तीन फाळीची येत नाही.

ती भरायची कशी? मागच्या टायरमध्ये पाणी. टायरच्या दुकानात हे काम नेहमीचं आहे. चाक जॅकवर घ्यायचं, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणायचा आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरायचं. टायर साधारण पाऊण भरतो, वरच्या जागेत हवा. टायरच्या मापाप्रमाणे एका चाकात दीडशे ते तीनशे लिटर पाणी बसतं आणि लिटरला किलो हा हिशेब तर सोपाच आहे. जोडीला मागच्या चाकांची लोखंडी वजनं लावली की दोन्ही मिळून पाचशे-सहाशे किलो वाढतात. मग मागचा भार 2,300 च्या घरात जातो आणि ओढ साडेअकराशेच्या आसपास. दोन फाळीला एवढा पुरतो आणि थोडा हातचा राहतो. तुमच्या ट्रॅक्टरला जास्तीत जास्त किती वजन चालतं ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते ओलांडू नका, नाहीतर मागचा एक्सल आणि क्राउन पिनियन (एक्सल फिरवणारे आतले गिअर) त्याची किंमत वसूल करतात. नांगरटीचा हंगाम संपला की लोखंडी वजनं काढून ठेवा. पेरणी-कोळपणीला तो भार नुसता काळ्या रानाला दाबत बसतो.

वजन पुरेसं झालं की नाही, हे अंदाजानं ठरवू नका. मागच्या टायरवर खडूनं एक रेघ मारा. त्याच रानात, नांगर उचलून, नांगरटीच्याच गिअरमध्ये चाकाचे 10 फेरे होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा. समजा 40 मीटर भरलं. आता नांगर लावून तसेच 10 फेरे. 34 मीटर भरलं तर 6 मीटर गेले, म्हणजे स्लिप 15 टक्के. टू व्हील ड्राइव्हला नांगरटीत 10 ते 15 टक्के स्लिप योग्य समजतात. थोडी स्लिप असावीच लागते. अजिबात स्लिप नसेल तर तुम्ही नको एवढं वजन घेऊन फिरताय आणि डिझेल त्या वजनावर जळतंय. 28 मीटर भरलं तर स्लिप 30 टक्के झाली, म्हणजे शंभरातलं तीस रुपयांचं डिझेल टायर झिजवण्यात गेलं. तीन फाळी लावून तुम्ही मोजलं असतंत तर आकडा याच्याही पुढं गेला असता, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

तोंड वर येण्याचं कारणही वजनाचंच, पण हिशेब वेगळा. तीन फाळी हायड्रॉलिक पलटी बनावटीप्रमाणे पाचशे ते साडेसहाशे किलोचा असतो. उचलल्यावर त्याचा भार मागच्या एक्सलपासून जवळजवळ दोन मीटर मागं लोंबतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतरही दोन मीटरच्या आसपास. त्यामुळं नांगराचं जेवढं वजन, जवळपास तेवढंच पुढच्या चाकांवरून उठतं. तुमच्या ट्रॅक्टरचं पुढचं वजन साडेसातशेच्या आसपास असणार. त्यातून 570-600 गेले तर उरलं काय? स्टिअरिंग नीट चालायला ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर लागतो. तुमचा दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेला होता. हे शेतात त्रासाचं आणि रस्त्यावर जिवाचं काम आहे. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर खड्डा आला आणि पुढची चाकं हवेत असली तर स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नाही. दोन फाळी साडेतीनशे ते साडेचारशे किलोत बसतो. पुढं वजनं लावली की तो तुमच्या ट्रॅक्टरला पेलतो.

लिफ्ट किती उचलते, या आकड्यावरही भुलू नका. 1,500 किंवा 1,800 किलो हा आकडा लोअर लिंकच्या (नांगर जोडायच्या खालच्या दोन दांड्यांच्या) टोकाशी मोजलेला असतो. नांगराचा भार त्याच्या बराच मागं असतो, तिथं तो आकडा घटतो. तुमचा ट्रॅक्टर जुना आहे, म्हणून आधी लिफ्ट तपासा. नांगर उचला, इंजिन बंद करा, बाजूला उभे राहा आणि किती वेळात खाली बसतो ते बघा. भराभरा बसत असेल तर लिफ्टचे सील किंवा व्हॉल्व्ह गेले आहेत, नांगराच्या आधी तो खर्च करा. आणखी एक: हायड्रॉलिक पलटीला ट्रॅक्टरच्या मागं तेलाचे दोन जादा पॉइंट लागतात. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना ते नसतात, वेगळा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा लागतो. तो खर्च नांगराच्या किमतीत धरलेला नसतो, हे विकणारा सहसा आपणहून सांगत नाही.

आता तात्यांच्या भाड्याच्या गणिताकडे. त्यांचं म्हणणं, तीन फाळ म्हणजे दीडपट काम. कागदावर खरंच. दोन फाळी 24 इंच पट्टा घेतो, ताशी 4 किलोमीटरनं चालला आणि वळणांचा वेळ वजा केला तर तासाला जवळपास 18 गुंठे होतात. तीन फाळी त्याच वेगानं चालला तर 27-28 गुंठे. पण तुमच्या ट्रॅक्टरमागं तो त्या वेगानं चालतच नाही. चाकं घसरून खरा वेग अडीच किलोमीटरवर आला की तासाला 17 गुंठेच पडतात. तीन फाळ घेऊन दोन फाळांएवढंसुद्धा काम नाही, वर टायर झिजला, क्लच प्लेट भाजली आणि डिझेल जास्त गेलं ते वेगळं. भाड्याच्या धंद्यात गिऱ्हाईक एकरावर पैसे देतं, फाळावर देत नाही.

यावर कुणीतरी म्हणेल, मग तीन फाळी लावून खोली कमी ठेवू. 6 इंचांवर तुमचा ट्रॅक्टर त्याला बऱ्याच अंशी ओढेल. पण 6 इंचांसाठी पलटी नांगर कशाला? तेवढं काम मोगडा (माती न उलटता नुसती फाडणारं दातेरी अवजार) करतो आणि स्वस्तात करतो.

खोलीचं एक लक्षात असू द्या. एक एकरात एक इंच जाडीचा थर म्हणजे सव्वाशे ते दीडशे टन माती. 9 इंचांचं 12 इंच केलं की एकरामागे चारशे टन माती जास्त उलटायची. गिऱ्हाईक बांधावर उभं राहून "जरा अजून खोल घ्या की" म्हणतं, तेव्हा हा आकडा आठवा आणि खोलीप्रमाणे दर आधीच ठरवून घ्या. नांगरटीचे निम्मे तंटे याच एका वाक्यावरून होतात.

तुमच्या स्वतःच्या रानापुरतं बोलायचं तर एवढी खोली दरवर्षी लागतच नाही. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर येते. कोरडवाहूत तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट आणि मधल्या वर्षांत मोगडणी, कुळवाच्या पाळ्या, एवढं पुरतं. अपवाद दोन. कुंदा किंवा हरळी (खोल मुळांची चिवट तणं) माजली असेल तर, आणि उसाचा खोडवा मोडायचा असेल तर. जुने लोक कुंद्याच्या रानाला जड नांगर लावायचे तेव्हा एका नांगराला चार-पाच बैलजोड्या जुंपायचे. एका घरी तेवढी जनावरं कुठली? मग सावड किंवा इर्जिक, म्हणजे गावानं एकमेकांच्या रानात बैल-माणसं लावायची. नांगर मोठा आहे म्हणून दोन बैलांनी ओढून बघावा, असं कुणाच्या मनात येत नसे. ट्रॅक्टर आल्यापासून आपण जनावरं मोजायचं सोडलं आणि एचपी वाचायला लागलो.

वेळ साधलीत तर नांगराचं निम्मं काम जमीनच करते. ज्वारीची सुगी झाली की रानात खाली थोडी ओल असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडबा उचलला की लगेच नांगर घाला. तेच रान एप्रिल-मेपर्यंत ठेवलंत तर काळी माती आकसून भेगाळते, कडक होते, आणि त्याच ट्रॅक्टरची, त्याच नांगराची दमछाक होते. भाड्याचा नांगर आपल्या सवडीनं येत नाही, हे मला मान्य आहे. स्वतःचा नांगर घेण्याचं माझ्या मते खरं कारण हेच, हप्ते फेडणं नव्हे. उलट टोकही टाळा. अवकाळीनंतर ओल्या रानात घाई केलीत तर फाळाखाली माती दाबून चकचकीत थर बसतो, पाणी खाली उतरत नाही, आणि पुढं ज्वारीची मुळं तिथंच अडतात. मूठभर माती घ्या. तिचा लाडू होऊन हाताला चिकटत असेल तर थांबा. निघालेली ढेकळं लगेच रोटाव्हेटरनं फोडायची गरज नाही. ऊन आणि वळवाचा पाऊस काळी ढेकळं फुकटात फोडतात. फुगायचं आणि आकसायचं हा त्या मातीचा स्वभावच आहे.

माळाच्या 3 एकरांत पलटी नांगर 9 इंच घालूच नका. फूटभरावर मुरूम म्हणजे कुठं कुठं तो 8 इंचांवरही असणार. खालचा मुरूम आणि चुनखडी वर आली की ती परत खाली जात नाही, आणि चुनखडी वाढली की पानं पिवळी पडायला लागतात. शिवाय खडकाला फाळ अडला तर शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो, त्याच्या जागी जाड साधा बोल्ट घालायची हुशारी करू नका, मग नांगराची दांडी वाकते. माळाला मोगडा पुरे. पुढंमागं तिथं नांगर हवाच असला तर तव्याचा नांगर भाड्यानं आणा. तवा दगडावरून फिरून पुढं जातो, फाळ अडकतो.

दोन फाळी घेतलात की जोडणीकडे लक्ष द्या, कारण चांगल्या नांगराची बदनामी बहुतेक वेळा जोडणीनं होते. ट्रॅक्टरचं एक मागचं चाक तासात आणि दुसरं वर, अशा स्थितीत नांगर समोरून आणि बाजूनं जमिनीला समांतर बसायला हवा. पुढं-मागं समतोल टॉप लिंकनं (वरच्या मधल्या दांडीनं) करायचा. टॉप लिंक फार आखूड केलीत तर नांगर नाकावर उभा राहतो, पुढचा फाळ खोल आणि मागचा उथळ जातो, ओढ उगाच वाढतो. फार लांब केलीत तर फाळ घुसतच नाही. पलटी असल्यानं दोन्ही बाजूंचे स्टॉपर बोल्ट सारखे लावा, नाहीतर जाताना एक खोली आणि येताना दुसरी. कामात लोअर लिंकच्या साखळ्या थोड्या सैल ठेवा. नांगरटीला ड्राफ्ट कंट्रोलचा लिव्हर वापरा, त्यानं ओढ वाढला की नांगर आपोआप थोडा वर येतो. आपल्याकडे बरेच ड्रायव्हर सगळी कामं पोझिशनवर (नांगर एकाच उंचीवर धरणाऱ्या लिव्हरवर) करतात, मग कडक पट्टा लागला की नांगर वर यायच्या ऐवजी ट्रॅक्टर थांबतो. फाळाची टोकं बोथट झाली की लगेच बदला, बोथट टोकानं ओढ वाढतो आणि खोली मिळत नाही. मागच्या टायरची हवा पुस्तकात शेतकामासाठी दिली आहे तेवढीच ठेवा. रस्त्यासाठी कडक भरलेला टायर रानात माती कमी धरतो.

चाक फसलं तर नांगराला किंवा मागच्या एक्सलला वरून साखळी बांधून ओढायला लावू नका. ओढ खालच्या हुकपेक्षा वरून आला की ट्रॅक्टर मागच्या मागं उलटतो, आणि त्याला फार वेळ लागत नाही.

राहिला 55 एचपीचा सवाल. शोरूमवाल्यांना विचारा, तो टू व्हील की फोर व्हील, आणि वजन किती. 55 चा टू व्हील ड्राइव्ह तुमच्यापेक्षा दोन-तीनशे किलोनंच जड निघाला तर तीन फाळीला तोही काळ्यात घसरणार, फक्त जास्त हप्ता भरून. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचं वजनही ओढीला लागतं, फरक मोठा पडतो. तरी माझ्या हिशेबानं भारी काळ्यात 9 इंच तीन फाळी निवांत ओढायला नांगराच्या भारासह साडेतीन टनांच्या आसपास वजन आणि 60-65 एचपी हवी. 55 चा फोर व्हील मध्यम रानात तीन फाळी ओढेल आणि काळ्यात दोन फाळी फूटभर खोल. पण 11 एकरांसाठी तेवढा ट्रॅक्टर घेऊ नका. भाड्याचं काम खरोखर किती मिळतं हे कळल्याशिवाय नाहीच. पुढं कधी ट्रॅक्टर बदलायची वेळ आली तर त्या मॉडेलचा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. त्यात वजन लावून आणि न लावता ट्रॅक्टरनं किती ओढ दिला, लिफ्टनं किती उचललं, हे आकडे असतात. चाचणी पक्क्या ट्रॅकवरची असते, रानात त्याहून कमीच मिळणार, तरी दोन ट्रॅक्टरांची तुलना त्यावर चांगली होते.

काही कंपन्यांच्या तीन फाळी नांगराचा मागचा फाळ नटबोल्ट खोलून काढता येतो. तात्या कदाचित हा मधला रस्ता सुचवतील. मी घेणार नाही. फाळ निघतो, तीन फाळीची जाड चौकट तशीच राहते आणि तुमच्या पुढच्या चाकांना तोच त्रास.

तेव्हा यंदा दोन फाळी, हायड्रॉलिक किंवा मेकॅनिकल पलटी, तुमच्या ट्रॅक्टरच्या पॉइंटप्रमाणे. आणि भाड्याचं काम तात्यांनाच सोपवा, तेही वहीसकट. टाकी काठोकाठ भरायची, एक एकर मारायचं, परत काठोकाठ भरायची: किती लिटर गेलं ते लिहायचं. सोबत रान कसलं, खोली किती, तास किती, टोकं कधी बदलली. काळं रान, मध्यम रान आणि उसाचा खोडवा यांची पानं वेगळी ठेवा. हंगामाच्या शेवटी एकराला खरे किती पैसे सुटले ते त्या वहीतच दिसेल, आणि तीन फाळीचा विषय तेव्हा परत काढता येईल.

नांगर घेण्याआधी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज करा. पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदीचं बिल फाडलंत तर अनुदान मिळत नाही, म्हणून शोरूममध्ये कितीही घाई केली तरी थांबा. तोवर ट्रॅक्टर घेऊन टायरच्या दुकानात जा आणि पाणी भरून घ्या. पाहुण्यांचा तीन फाळी परत करताना मात्र तो मागं लावून रस्त्यानं नेऊ नका, ट्रॉलीत चढवून पाठवा.